अपवाद कुणालाही नाही

१ तारीख, सकाळी ९.१०
देवाला हात जोडून कामाला लागलो. आमचा एकच प्रोग्रॅम विंडोज, लिनक्स आणि मॅकवर बिल्ड होतो, पण कोड तपासून त्याचा चालता प्रोग्रॅम करणाऱ्या कंपायलरच्या सेटिंग्ज तिन्हीकडे वेगळ्या. एका घरात तीन चुली! आता तिघांना मिळून सेटिंग्जची एकच फाइल. तीत एकच हुकूम: कंपायलरने नुसती कुरकुर केली तरी बिल्ड बंद. गावच्या शाळेत आमचे चार वर्ग एका खोलीत बसायचे. गुरुजी एक, छडी एक. फाइलच्या माथ्यावर लिहिलं: अपवाद कुणालाही नाही.
साहेब म्हणाले, पंधरा तारखेपर्यंत तिन्ही बिल्ड हिरवे, म्हणजे बिनतक्रार पार पडलेले, दिसले नाहीत, तर हे काम टेस्टिंगच्या बाईंकडे जाईल. मनात हसलो.

२ तारीख
तत्त्व घरीही लागू. सगळ्यांना एकाच पातेल्यातला चहा, साखर अर्धा चमचा. आई म्हणाली, अरे, मला साखर म्हणजे विष. सौ. म्हणाली, काय शिकवायचं ते कंपायलरला शिकवा, माझ्या पातेल्याला नको. सुधारणेला विरोध घरातूनच होतो.
चहा घशाखाली उतरेना. ऑफिसात दोन चमच्यांचा घेतला. ऑफिस हा वेगळा प्लॅटफॉर्म आहे.

५ तारीख
विंडोजवर, म्हणजे माझ्या मशीनवर, हिरवा. लिनक्स आणि मॅकवर १४१२ तक्रारी. बाईंनी यादी आणून दिली. पैकी १३९० एकाच फोल्डरमधल्या. माझ्या. बारा वर्षांपूर्वीचा कोड तो. तेव्हा कुठल्या कंपायलरने ब्र काढला नव्हता. हल्लीचे फार तोंडाळ.
बाई म्हणाल्या, सर, मी बसते सोबत, दोघं मिळून निस्तरू. नको म्हणालो. आधी धोरण.

८ तारीख
लिनक्ससाठी एक अपवाद. तात्पुरता.

९ तारीख
मॅकसाठी चार. नियम मोडला नाही, वाकवला.

११ तारीख, सकाळी ६.४०
अपवाद सदतीस. समान म्हणाव्यात अशा दोनच ओळी उरल्या: माथ्यावरचं वाक्य आणि खाली माझं नाव. पण फाइल एकच आहे, हे कुणीही येऊन पाहावं.

१४ तारीख
उद्या पहाटे चारला उठून जुना कोड स्वतः दुरुस्त करणार. निश्चय.

१५ तारीख, सकाळी ११
जाग साडेसातला आली. म्हणून प्रार्थना जास्त मन लावून केली. विंडोज हिरवा, बाकी दोन्ही लाल. मागताना ‘बिल्ड’ एवढंच म्हणालो. ‘तिन्ही’ म्हणायचं राहिलं.

१६ तारीख
काम बाईंकडे गेलं. बरंच झालं. चिंतनाला वेळ मिळेल.

१८ तारीख, संध्याकाळी
तिन्ही बिल्ड हिरवे! बाईंनी फाइल माझीच ठेवली हे ऐकून ऊर भरून आला. उघडून पाहिली. माथ्यावरचं वाक्य तसंच. इतरांच्या बावीस तक्रारी त्यांनी दोन दिवसांत निस्तरल्या आणि सदतीस अपवाद पुसून टाकले. खाली नवा एकच: माझं फोल्डर. शेजारी टीप: सर रिटायर होईपर्यंत हात लावू नये.
घरी आलो. शेगडीवर दोन पातेली. मोठ्यात सगळ्यांचा बिनसाखरेचा चहा, छोट्यात माझा. सौ. म्हणाली, दोन चमचे घातलेत, ऑफिसात चोरून पिता तसा.
प्यालो. चांगला झाला होता.