बिनदोरीची गाठोडी

प्रिय चोंबडे,

हे पत्र मी सांगतेय आणि शेजारच्या बाई लिहिताहेत. बाई शाळेत शिकवायच्या, त्यामुळे माझं बोलणं सुधारायला बघतात. मी म्हटलं, जसं बोलते तस्सं उतरवा, नाहीतर नातीला वाटेल आजी बदलून आली. ओळी तिरक्या गेल्या तर बाईंना हसू नकोस, त्याला कारण आहे. तुझ्या आईला लिहायला का नाही बसवलं, त्यालाही आहे. फोन केला असता, पण तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. कागद मधे तोंड घालत नाही, हा त्याचा मोठा गुण.

मागे तू आलीस तेव्हा माझा बटणांचा डबा टेबलावर ओतलास, आठवतं? मी म्हटलं होतं, एवढं शिकलीस, करतेस तरी काय ते सांग. तू बटणांच्या दोन रांगा लावल्यास. एक रांग दवाखान्यांतून निवृत्त झालेल्या कामगारांची, दुसरी डोळे तपासून गेलेल्यांची. नावं झाकलेली, तुमच्यापुढे नुसते आकडे. जन्मतारीख आणि कामाची जागा दोन्हीकडे जुळली, की यंत्र जोडी लावतं आणि त्या माणसाला मोतीबिंदू काढायला बोलावणं जातं. ज्याची जन्मतारीखच कोरी, त्याची जोडी लागत नाही. मग यंत्र काय करतं, असं मी विचारलं, तर तू बिनजोडीची बटणं हाताने सर्रकन टेबलावरून खाली लोटलीस. हे असं करतं, म्हणालीस. रागावली होतीस. असे बेचाळीस जण होते. तुझे साहेब म्हणत होते, हजारांत बेचाळीस म्हणजे काय, यादी सोमवारी जाऊ दे. यंत्राने नाहीच ऐकलं तर त्या बेचाळिसांना एकच तारीख घालून टाक.

त्यावर मी हसले. तुला वाटलं, म्हातारीला गंमत वाटतेय. मला माझंच पहिलं वर्ष आठवलं होतं. दवाखान्याच्या धुलाईघरात आम्हा बायांना अक्षरं कुठली यायला! म्हणून प्रत्येक वॉर्डाच्या गाठोड्याला रंगीत दोरी असायची. लाल शस्त्रक्रियेची, हिरवी बाळंतिणींची. कधी वाफेत दोरी तुटायची. अशी गाठोडी वरच्या फळीवर ठेवायची, हा आमच्या मुकादमीणबाईंचा नियम. फेकायचं नाही, आणि मनाने दुसरी दोरीही बांधायची नाही. मी शहाणी! दोन बिनदोरीची गाठोडी दिसली, म्हटलं, दोन्हींना दोरी नाही म्हणजे एकाच घरची. बांधली एकत्र, दोन भाग केले आणि दिली पाठवून. त्या दिवशी बाळंतिणींकडे तंबूएवढ्या चादरी गेल्या, आणि शस्त्रक्रियेचे डॉक्टर हातात लंगोट धरून उभे राहिले. मुकादमीणबाई मला म्हणाल्या, अगं, दोघांचं हरवलंय म्हणून दोघं एक होत नाहीत. प्रत्येकाचं हरवणं वेगळं. आता बस खाली, ठिगळं बघ, शिवण बघ, आणि ज्याचं त्याला दे.

हे ऐकून तू बटणं गोळा करायला लागलीस. एक कपाटाखाली गेलं. तू म्हणालीस, आजी, तुझ्या पायाशीच आहे बघ. मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात, राहू दे.

महिन्याने तुझा फोन आला. तू पहिली रांग सगळीच्या सगळी ठेवलीस. जोडी लागली तर शेजारी मांडायची, नाही लागली तर शेजारची जागा कोरी, पण माणूस टेबलावरच. मग नोंदणीच्या जुन्या कारकुनाला कामाला लावून कामाला लागल्याचं साल, पाळी, बदली असली ठिगळं नि शिवणी बघितल्यास. यादी तीन आठवडे उशिरा गेली, साहेबांनी सगळ्यांदेखत बोल लावले, आणि तू रडलीस. मी काय म्हणाले? जेवलीस का, एवढंच. तुला वाटलं असेल, हिला काहीच पडलेली नाही.

आता ऐक. डोळे तपासायच्या रांगेत कारकुनाने मला जन्मतारीख विचारली होती. मी म्हटलं, जन्माला मी हजर होते बाबा, पण तारीख बघायचं भान नव्हतं. तो हसला आणि जागा कोरी सोडली. शिलाईवाली, माझी मैत्रीण, रांगेत माझ्या मागे होती. तिला आधीच्याच यादीतून बोलावणं आलं, मला नाही. मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. तुझ्या आईला भातात खडे माझ्यामुळे लागत होते, तिला वाटायचं दुकानदार लबाड. ते बटणही माझ्या पायाशी मला दिसलं नव्हतं गं. गुडघे ठणठणीत आहेत. तू टेबलावरून बटणं लोटलीस, तेव्हाच मला कळलं की त्यांत एक मी आहे. पण सांगितलं असतं, तर तू साहेबांपुढे आजीसाठी भांडली असतीस, आणि ते म्हणाले असते, वशिला. मग बाकीचे एकेचाळीस? म्हणून तोंडात मिठाची गुळणी धरली. तू नाव न बघता भांडलीस, तेच बरं झालं.

तुझ्या आईला वाटतंय मी शिलाईवालीकडे राहायला गेलेय. तुझ्या उशिराच्या यादीतून मला बोलावणं आलं, आणि मी दवाखान्यात आहे. शेजारच्या बाई म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या; त्यांचा एक डोळा अजून बांधलेला आहे, म्हणून ओळी तिरक्या. माझी पट्टी आज सकाळी काढली. पहिलं काय पाहिलं, सांगू? अंगावरची चादर. कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याची शिवण, बाळंतिणींची! अजून घोळ घालतात मेल्या. मी पोटभर हसले, मग थोडी रडले, तर नर्स ओरडली, डोळ्यांना पाणी लावू नका. तुझे आभार कसे मानतात ते मला येत नाही, आपल्यात ती पद्धत नाही. परवा घरी गेले की आधी कपाटाखालचं बटण काढणार आहे, माझं मी. तू आलीस की तुझ्या हातावर ठेवीन. आईला तू सांग. मला तिच्यापुढे उभं राहायची भीती वाटते.

तुझीच आजी,
बेचाळिसांतली एक