माझ्या नावापुढचा रिकामा कंस

कडाव, मंगळवार, संध्याकाळ

पुतण्याची मुलगी सायली हिने कुलदैवताच्या उत्सवासाठी भावकीची यादी संगणकात भरली. आज कागद हातात दिला. दादाचं नाव चार वेळा, माझं एकदाही नाही. चार वेळा!

"मी मेलो का गं?"

"नाही हो आजोबा. मोठ्यांचा तक्ता वेगळा, मुलांचा वेगळा. दोन्ही जोडले की प्रत्येक मुलामागे बापाची एक ओळ येते. मूल नसेल त्याची ओळ गळते."

गळते. दादाची चारही पोरं मी खांद्यावरून शाळेत नेली, ते कुठल्या तक्त्यात?

तिने लगेच दुरुस्त केलं. आता प्रत्येक नाव एकदाच आणि त्याच्या पोटात, म्हणजे पुढच्या कंसात, मुलांची नावं. माझंही आलं. पुढे नुसता रिकामा कंस.

मी म्हटलं, "दादाच्या चारातला एक तरी माझ्या पोटात घाल की."

पुतण्या खाटेवरून हसला. "काका, आता दत्तक घेताय व्हय? मिशा पिकल्या की माझ्या!"

मीही हसलो. का हसलो?

सायलीने हळूच विचारलं, "कंस काढून टाकू?"

नको म्हटलं. इथे कोणीतरी असायला हवं होतं, एवढं तरी त्यातून दिसतं.