सात रस्त्यावर दिलेली हाळी

आण्णा, परवा रविवारी तुमच्या नातीला मी हाळी दिली. मेंढरं वळवायची तुमची हाळी, तीही सगळ्या ऑफिससमोर. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तिनं तुम्हाला पाहिलेलंसुद्धा नाही, आणि ती अजून माझ्यावर फुगून आहे. झालं ते नीट सांगते. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर अर्धंच कळेल.

ऑफिसातल्या एक बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या निरोपाचं जेवण गावाबाहेरच्या एका हॉटेलात होतं, उघड्यावर टेबलं, वर कापडी मांडव, दिव्यांच्या माळा. कोपऱ्यात गुलमोहर आणि त्याच्या शेजारी पोरांसाठी झोपाळे. आम्ही संध्याकाळी पोचलो तेव्हा वारा अगदी पडला होता, पान हलत नव्हतं. दक्षिणेकडून काळं-तांबडं आभाळ वर येत होतं आणि मागच्या रानातल्या चार शेळ्या कुणी न हाकता गोठ्याकडे निघाल्या होत्या. तुम्ही असता तर तेवढ्यावर बिऱ्हाड हलवलं असतं. मी नुसतं म्हटलं, "आपण आत हॉलमध्ये बसू या का?" शेजारचे साहेब म्हणाले, "मॅडम, हवामान खात्यात कधी गेलात?" सगळे हसले, मीही हसले. कसं कळलं ते सांगायचं तर शेळ्यांचं सांगावं लागलं असतं, आणि शेळ्यांमागून तुम्ही आला असता. इथं सगळ्यांना मी अकलूजकडची, उसाच्या पट्ट्यातली म्हणून माहीत आहे. अगदीच खोटं नाही ते. आपण दर साल जायचोच की तिकडं, ऊस तुटलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला. रान दुसऱ्याचं असायचं, एवढंच मी सांगायचं टाळते.

तिथंच एकदा वळवाच्या पावसानं आपल्याला गाठलं होतं. मी नऊ वर्षांची. विजा कडाडायला लागल्या तशी मी बाभळीखाली पळाले. तुमची हाळी आली आणि माझे पाय मला न विचारता तुमच्याकडे धावले. पोचल्याबरोबर तुम्ही थोबाडीत दिलीत. आयुष्यातली तेवढी एकच. "मेंढरू झाडाखाली पळतंय, तेला अक्कल न्हाय. तुला हाय न्हवं?" मला मारापेक्षा हाळीचा राग आला होता. "मला नावानं का न्हाय बोलावलं? मी काय मेंढरू हाय?" तुम्ही मला घोंगडीत ओढून घेतलंत. "वाऱ्यात नाव फुटतंय गं पोरी. हाळी फुटत न्हाय. कुटंबी आसंना, पोचतीच."

परवा पहिला झोत आला तो नुसत्या धुळीचा. मांडवाचं कापड फाडकन वर जातं, माळा विझतात, खुर्च्या लोळत सुटतात, ताटातल्या कडक भाकऱ्या कुठल्या कुठं. मागोमाग गारा, लिंबाएवढ्या. आम्ही मोठी माणसं हॉलकडे पळतो. पोरं झोपाळ्यांवर, ती जवळच्या गुलमोहराखाली शिरतात. एक शिरलं की सगळी. माझी अकरा वर्षांची, त्यांच्यात थोरली, दोन बारक्यांना पोटाशी धरून उभी आहे. तिला वाटतंय, आपण शहाणपणा करतोय. मी दारातून तिच्या नावानं ओरडते. पुन्हा ओरडते. माझंच ओरडणं मला ऐकू येत नाही. मध्ये चाळीसेक पावलं, डोळे उघडवत नाहीत, आणि ते झाड बुंध्यापासून वाकतंय. मी बाहेर निघते तर साहेबांनी माझा दंड धरून ठेवलाय, "मॅडम, वेड्या झालात का!" इतकी भ्याले होते आण्णा, की आता सगळं संपलं असं वाटून गेलं. तेवढ्यात जीभ आपसूक टाळूला लागली आणि तुमची ती लांब, शेवटी वर चढत जाणारी हाळी माझ्या तोंडातून निघाली. इतक्या वर्षांत एकदाही काढली नव्हती.

पोरगी वळली. मला बघितलं आणि तरातरा निघाली, बारक्यांना दोन्ही हातांना धरून. ती निघाली तशी उरलेली तिघंही तिच्या मागं. भिंतीशी पोचतात न पोचतात तोच गुलमोहर आडवा झाला, झोपाळ्यांसकट. मी तिला कवटाळलं तर ती चिडून रडत होती. "इतकी लाज वाटली मला! तुला गप्प करायलाच आले मी." गप्प करायला का होईना, आली. मी हसत होते की रडत होते, कोण जाणे. मग त्या निवृत्त झालेल्या बाईंनी हळूच विचारलं, "ती कसली हाक होती हो?" मी म्हटलं, "माझ्या वडलांची. मेंढरं वळवायची." साहेबांनी माझ्यासाठी खुर्ची पुसून आणून ठेवली. कुणी हसलं नाही. याच्यासाठी मी इतकी वर्षं अकलूजचा ऊस सांगत बसले.

आता दुसरी गोष्ट. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. नातेपुत्याच्या बाजारातून तुम्ही तसेच एसटीनं सोलापूरला आलात, माझ्यासाठी नवी घोंगडी घेऊन. मी मैत्रिणींबरोबर सात रस्त्याच्या चौकात होते, तुम्ही रस्त्याच्या पलीकडं. संध्याकाळी वसतिगृहाच्या शिपायानं घोंगडी हातात दिली आणि सांगितलं, "वडील ठिवून गेलं. सात रस्त्यावर लई हाळ्या दिल्या म्हणत हुतं, तुमी आईकलंच न्हाय." सुट्टीला घरी आले तेव्हा मीच विषय काढला, की तिथं रिक्षा, ट्रक, मला काही ऐकूच आलं नाही. तुम्ही लोकर पिंजत होता. मान वर न करता म्हणालात, "व्हय की. लई गोंगाट तितं." पुन्हा कधी तुम्ही सोलापूरला आला नाहीत.

परवा गारांच्या माऱ्यातून ती हाळी चाळीस पावलं गेली. सात रस्त्याच्या रिक्षांना ती काय अडणार होती? हे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं, आणि तरी तुम्ही 'व्हय की' म्हणालात.

हे पत्र त्या घोंगडीच्या घडीत ठेवते, धाडणार तरी कुठं. पण तुम्ही चार हाळ्या दिल्या होत्या, आण्णा. मी चारही मोजल्या होत्या.