मिठाची भूक

बाबा, आई गेल्यावर तुम्ही पहिल्यांदाच माझ्याकडे बर्मिंगहॅमला राहायला आलात, त्या हिवाळ्याबद्दल लिहिते आहे. तुम्ही होतात तेव्हा आपण त्याबद्दल कधी बोललो नाही. आई बीपीने गेली, त्यामुळे माझ्या घरात मिठावर माझी करडी नजर. वरणात चिमूटभर, भाजीत त्याहून कमी, पापड बंद. आणि तुम्ही, ज्यांनी नागपूरला कधी पानात काही वरून मागितलं नाही, ते रोज म्हणायला लागलात, "बेटा, जरा मीठ दे ना." मी देत नाही. "आईचं काय झालं ते पाहिलंत ना?" एवढं म्हणते, आणि तुम्ही मान खाली घालून जेवता. एके दुपारी मीटिंग संपवून चहा करायला खाली आले, तर तुम्ही ओट्यापाशी उभे. तळहातावर मीठ, दुसऱ्या हातात लिंबाच्या लोणच्याची फोड. मी ओरडले, बाबा. "लहान मुलासारखं चोरून काय खाताय? आईच्या मागोमाग जायचंय का तुम्हाला?" तुम्ही नळाखाली हात धुतलात आणि म्हणालात, "चुकलं बेटा." त्याच संध्याकाळी मी मिठाचा डबा आणि लोणच्याच्या बरण्या गाडीच्या डिकीत नेऊन ठेवल्या.

बाकीचंही सगळं डोळ्यांसमोरच होतं. स्वेटर अंगावर लोंबायला लागला होता. जिना चढताना तुम्ही मध्येच पायरीवर बसायचात आणि "चक्कर नाही, जरा दम खातो" म्हणायचात. विहारात एका काकूंनी विचारलं, "बाबा एवढे काळवंडले कशाने गं?" मी म्हणाले, नागपूरचं ऊन. नागपूर सोडून तुम्हाला कितीतरी महिने झाले होते आणि इथे आठवडाभर सूर्य दिसला नव्हता. आपल्या घरात कुणाच्या रंगावरून बोलत नाहीत, हे मी मैत्रिणींना अभिमानाने सांगायचे, आणि त्याच दिवशी केमिस्टकडून तुमच्यासाठी तोंडाला लावायचं क्रीम घेऊन आले. तुम्ही ते रोज लावलंत, काही न विचारता.

मग त्या सकाळी तुम्हाला उलट्या सुरू झाल्या आणि पलंगावरून उठताच येईना. अँब्युलन्समधल्या मुलीने बीपी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि माझ्याकडे न बघता ड्रायव्हरला निघायला सांगितलं. वाढेल वाढेल म्हणून ज्याची मी धास्ती घेतली होती, ते बीपी पार तळाला गेलं होतं. हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरने तुमचा हात उलटा करून तळहाताच्या रेषा पाहिल्या. काळ्या पडल्या होत्या. मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या आणि मला विचारलं, "हे मीठ फार मागतात का?" तुम्ही अर्धवट शुद्धीत. मी म्हणाले, "थोडंसं."

त्याने समजावून सांगितलं. दोन्ही मूत्रपिंडांच्या वर एकेक लहानशी ग्रंथी असते. शरीरात मीठ धरून ठेवायचं आणि रक्ताचा दाब टिकवायचा, हे तिच्या हार्मोन्सचं काम. तुमच्या त्या दोन्ही ग्रंथी हळूहळू निकामी झाल्या होत्या. मीठ लघवीतून निघून जात होतं, म्हणून शरीर ते तोंडाने मागत होतं. त्या दोन ग्रंथींनी काम करावं म्हणून मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी जास्त जास्त हार्मोन सोडत राहते, आणि त्यानेच कातडीही काळी पडते. मी मान हलवत ऐकत होते. अँब्युलन्सच्या मागोमाग आणलेली माझी गाडी खाली पार्किंगमध्येच होती, डिकीत मिठाचा डबा तसाच. सलाइन आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन सुरू झालं आणि संध्याकाळी तुम्ही डोळे उघडून चहा मागितलात. नर्सने सोबत खारी बिस्किटं दिली. तुम्ही आधी माझ्याकडे पाहिलंत, खाऊ का म्हणून.

रोजच्या गोळ्यांवर तुम्ही पुढे कितीतरी वर्षं छान जगलात, नागपूरला परत गेलात, नातवंडांना गणितं शिकवलीत आणि शेवटी झोपेत गेलात. त्या हिवाळ्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही हॉस्पिटलमधून घरी आलात तेव्हा भेटायला माणसं आली होती, आणि चहा देताना मी त्यांना म्हणाले, "मीठ जास्त खायला लागले ना, तेव्हाच मला शंका आली." तुम्ही सोफ्यावर पांघरूण घेऊन बसला होतात. माझा हात कपावर थांबला. तुम्ही त्यांच्याकडे वळून म्हणालात, "हो, पोरगी होती म्हणून वाचलो."

तेव्हापासून मी हे असंच सांगत आले, बाबा. भावालासुद्धा. परवा ऑफिसमध्ये पुण्याहून नवीन आलेल्या मुलीला तिच्या आईची काळजी वाटत होती, तिलाही असंच सांगितलं. ती म्हणाली, "ताई, तुमच्यासारखं लक्ष सगळ्यांनी ठेवायला हवं." हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून इथे लिहिते. मी तिला "थँक यू" म्हणाले.