अकरा काठ्यांची वाट

थॉर्नहो, नॉरफॉक
१० डिसेंबर १९४३

ती. बाबांस,
थर्झाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघी खुशाल आहोत. केझाया आत्याचा गुडघा थंडीने कुरकुरतो, तोंड मात्र थकत नाही. आपल्या जेमचं पत्र तीन आठवड्यांत नाही. त्याच्या पलटणीला होड्यांतून किनाऱ्यावर उतरण्याचा सराव देतात, एवढंच कळलं.

बाबा, मला एक शंका छळते आहे. आत्याने वरची खोली सेवेल नावाच्या गृहस्थांना दिली आहे. पक्ष्यांची चित्रं काढायला आलोय म्हणतात, पण मी अजून एकही चित्र पाहिलेलं नाही. ओहोटी लागली की रोज वाळूत जातात आणि बुटांना निळी माती माखून परततात. कुलपाची पेटी जिन्यावरून नेताना आत काच किणकिणते. काल जेवताना त्यांनी विचारलं, शिंपले वाहून आणणारी घोडागाडी नेमकी कुठे रुतते. पक्ष्यांच्या चित्रांत घोडागाडीचं काय काम? शत्रूला इथे उतरायचं असेल, तर मात्र हे ठाऊक हवंच.

हवालदार म्हणतात, त्यांची कागदपत्रं चोख आहेत. एवढी चोख कागदपत्रं गावात कुणाचीच नाहीत, म्हणून मला जास्तच संशय येतो. आत्या म्हणते, पाळत ठेवायचीच तर निदान केस विंचरून ठेव, माणूस बिनलग्नाचा आहे. खोटं बोलायचं नाही ही तुमची शिकवण, त्यामुळे त्यांच्या घोडागाडीच्या प्रश्नाला मला ठाऊक नाही असंही म्हणवेना. मीठ आणायच्या निमित्ताने उठून गेले.

काय करू ते कळवावं. माया आहेच, ती उणी होऊ देऊ नये.

आपली,
थर्झा


हार्विच
१४ डिसेंबर १९४३

चि. थर्झास अनेक आशीर्वाद.

तुला शाळेत न घालता होडीत बसवून मी शिकवलं. शिशाचं वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडून खोली कशी मोजायची ते दाखवताना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की स्वतः दोरी सोडली नसेल तर आकडा लिहायचा नाही. या गृहस्थांच्या बाबतीत तू अजून दोरी सोडलेली नाहीस. तोवर काहीही करू नकोस. असल्या गोष्टी टपालाने तर मुळीच लिहू नकोस. केझायाला सांग, मुलीला चिडवणं पुरे.

तुझा,
बाबा


थॉर्नहो
१९ डिसेंबर १९४३

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मासेवाल्या ऑब्रेकाकांच्या हाती देते आहे. तुमचं पत्र पोचायच्या आदल्याच दिवशी मी नको ते करून बसले.

शिंपल्यांच्या वाटेवरच्या काठ्या तुम्हाला ठाऊकच आहेत. त्यांच्या ओळीत वाळू घट्ट, पश्चिमेला सरकलं की वाळूखाली निळी माती आणि माणूस कंबरेपर्यंत आत. चाळीस साली शत्रू येणार म्हणून गावाने त्या हलवल्याच होत्या. मीही अकराच्या अकरा उपटून चाळीस पावलं पश्चिमेला रोवल्या. शिंपलेवाल्या बायकांना आधी घरोघर जाऊन सांगितलं. एकीनेही कारण विचारलं नाही. संशय सगळ्यांनाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेवेलसाहेब आले ते आपल्याच सैन्याचा रणगाडा घेऊन. तो काठ्यांच्या ओळीने निघाला आणि मध्यावर पोटापर्यंत बसला. माणसं निघाली, पण एकाचं मनगट मोडलं. तो पोरगा जेमच्याच वयाचा होता. रणगाड्यावरून भरतीचं पाणी गेलं. मी धावत जाऊन सगळं कबूल केलं.

साहेबांनी पेटी उघडून दाखवली. आत मातीने भरलेल्या काचेच्या नळ्या होत्या. म्हणाले, तीन आठवडे मी रणगाडा रुतेल अशी वाईट जमीन शोधतोय, आणि गावातला प्रत्येक जण मला घट्ट वाळूवर नेऊन सांगतो, की इथेच गाडी रुतते. खरी वाईट जमीन तुम्हीच दाखवलीत, आता उरलेलीही दाखवा. मला बरं वाटावं म्हणून तर असं म्हणाले नाहीत ना, ही शंका अजून जात नाही. तरी रोज दाखवते आहे. पुढचं लिहायचं नाही असा शब्द दिला आहे.

रागवावं, पण दूर लोटू नये.

थर्झा


लष्करी इस्पितळ
८ ऑगस्ट १९४४

ती. थर्झाताईस,
जेमचा सा. न.

शेजारच्या खाटेवरचा गडी सुटी होऊन निघाला आहे, त्याच्या हाती हे देतो. माझा पाय जागेवर आहे, जरा वाकडा एवढंच.

ताई, समुद्रापलीकडचा शत्रूचा किनारा बघून वाटलं, चुकून घरीच उतरलो. वर वाळू, खाली तीच निळी माती. डावीकडची गाडी छतापर्यंत आत गेली. आमच्यापुढे मात्र एक अजब रणगाडा होता. पुढ्यात भलंमोठं रीळ, त्यावर काथ्याची जाड चटई. ती उलगडत तो तिच्यावरूनच चालला आणि मागून आम्ही, चर्चमध्ये वऱ्हाड निघावं तसे. एवढ्या गोळीबारातही सार्जंट ओरडत होता, की चटईवर चिखलाचे बूट आणू नका!

आत्या लिहिते, की तू आणि ते पक्ष्यांवाले गृहस्थ हिवाळाभर चिखलात होता, आणि त्यातून लग्नही निघालं नाही म्हणून ती चिडली आहे. बाबांना विचारलं तर ते हवामानाबद्दल लिहितात. मला दाट संशय आहे. खरं सांग, त्या चटईत तुझा हात होता का?

वाट पाहणारा लंगडा,
जेम


थॉर्नहो
१३ ऑगस्ट १९४४

चि. जेमास अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. मी शब्द दिला आहे. आणि नाही असं लिहिलं, तर ते खोटं होईल.

गेल्या हिवाळ्यात माझ्या चुकीने एका शिपायाचं मनगट मोडलं. तो पोरगा तुला कुठे भेटला, तर त्याला एवढं विचार, की हात नीट वळतो का. मला नाव ठाऊक नाही.

पाय बरा झाला की शिंपल्यांना जाऊ. अकराही काठ्या मूळ जागी आहेत. काल ओहोटीला मी टोकापर्यंत स्वतः चालून पाहिलं.

तुझी,
ताई