जड चापाचं पिस्तूल

७ नोव्हेंबर
लायसन झालं माझ्या नावावर. शिरूरच्या ठाण्यातून ह्यांचं पिस्तूल घेऊन आले. हे गेल्यापासून तिथंच जमा होतं. हवालदारानं पिशवी दोन बोटांत धरून आणली, मेलेला उंदीर धरावा तशी.
"काकी, कपाटात सगळ्या तालुक्याची हत्यारं हायत. पन मुंग्या फकस्त तुमच्या पिस्तुलाला."
मला कळलं. ह्यांच्या खिशात कायम गुळाचा खडा. स्वतःचं गुऱ्हाळ, अडवणार कोण. आणि त्याच खिशात पिस्तूल.
पुढं नुसतं 'पि.' लिहीन. भांडीवाली शांता वाचते हे.

९ नोव्हेंबर
सकाळीच भाऊजी. दादांच्या माघारी पि. धाकट्या भावाकडंच येणार असं धरून बसले होते.
"वैनी, बाईमाणसाला कशाला ती जोखीम? माझ्या नावावर करून टाकू."
म्हटलं, आधी मला जमतंय का बघू.
"त्यात काय बघायचं? घोडा वडायचा, ठो!"
दुसऱ्याच्या हातात द्यायची परवानगी नाही. दिलं नाही. गोळ्या काढून, भिंतीकडं तोंड करून मीच चाप ओढून बघितला. आधी जरा मोकळा जातो. मग भिंत लागल्यासारखा थांबतो. पुढं नुसता खरखरतो, पण सुटत नाही. दोन्ही हातांची बोटं लावली तेव्हा कुठं टक् झालं.
भाऊजी एवढे हसले, चहा सदऱ्यावर. बरं झालं.

१३ नोव्हेंबर
पि. पर्समध्ये नको, घाईत सापडत नाही. परकराला आतून खिसा शिवला. गुऱ्हाळाकडं चालत निघाले. गावातून निम्मी वाट होतेय तोवर परकर एका बाजूनं खाली निघाला. समोरून सरपंचबाई. एका हातानं कंबर धरली, एका हातानं नमस्कार.
"कंबार धरलीय व्हय वो?"
"व्हय."
घरापर्यंत आयुर्वेदिक तेलाचं नाव सांगत आली. नाडी बदलायला हवी. का खिसा?

१८ नोव्हेंबर
दौंडचे गायकवाड सर आले. पोलिसांना फायरिंग शिकवायचे, आता रिटायर. ह्यांच्या ओळखीचे. मीच बोलावलं. भाऊजी बोलावल्याशिवाय आले.
सरांनी पेपर अंथरून पि. खोललं. गोळ्या भरायच्या मॅगझिनमध्ये बोट घातलं, वास घेतला. चष्मा पुसून परत वास घेतला.
"बाई, हा गूळ हाय."
पाघळून स्प्रिंगवर बसलाय, वाळून दगड. स्प्रिंगनं गोळी वर ढकलायची, तर स्प्रिंगच खाली चिकटलेली. म्हणजे नळीत असलेली एक गोळी उडणार. दुसरी वर चढणारच नाही.
"साहेबांनी किती वर्षं बाळगलं हे असं?"
आठवलं. वडगाव रासाईला मोटारीच्या पाण्यावरून बैठक होती. हे काही बोलले नाहीत, नुसता खिशावर हात ठेवून बसले. समोरची पार्टी मुकाट उठून गेली. ती सगळी दहशत एका गोळीची आन् पावशेर गुळाची.
हसायला आलं. थांबेना. मग डोळ्याला पदर लावावा लागला. सर खाली बघून ब्रशानं स्प्रिंग घासत राहिले. बराच वेळ घासली.

२७ नोव्हेंबर
फायरिंगच्या रेंजवर गेलो, पुण्याला. गाडी भाऊजींनी चालवली, सगळ्या रस्त्यानं शिकवत. पिक्चर बघून आलेलं ज्ञान.
पहिली गोळी गेली. कुठं, माहीत नाही. दुसरी अडकली. रिकामं टोपण बाहेर पडता पडता मध्येच उभं राहिलं, दारात पाय अडकल्यासारखं. काढलं. परत एक गेली, परत अडकली.
भाऊजी मागून, "मॉडेलच भंगार."
सर म्हणाले, "मॉडेल ठीक हाय. बाईंचं मनगट ढिलं हाय. ते मागं धक्का देतंय, तुम्ही बी त्याच्यासंगं मागं जाताय. मग त्याचं काम अर्धंच होतंय. गुऱ्हाळात रसाची काहील उतरवताना कशी धरता?"
"घट्ट."
"मग?"
काहील धरली. सगळ्या गोळ्या गेल्या, एकामागं एक, न अडकता. शेवटचं गरम टोपण उडून भाऊजींच्या कॉलरमध्ये. जो नाच झाला! सर ओरडले, "रेंजवर हलायचं न्हाई!" भाऊजी जागच्या जागी, न हलता, नाचत होते.
परत येताना शिकवणं बंद. चौफुल्याला भेळ खाल्ली. पैसे त्यांनीच दिले, तेही गप्प.
सरांना विचारलं होतं, चाप हलका होईल का. बोट दुखतंय.
"करू नका. खिशातलं हत्यार हाय. खिशात हात घालताना बोट लागलं तर मांडी जायची. जड हाय म्हंजी इचार करायला येळ मिळतो."

५ डिसेंबर
मंगल आली, माझी जाऊ. भाऊजी केडगावला गेल्यावर आली, म्हणजे मुद्दाम. भोपळ्याच्या वेलाचं बोलली, पोराच्या क्लासचं बोलली. मग एकदम,
"वैनी, ते ह्यांना देऊ नका."
म्हटलं, नाही देत.
"तसं न्हाई. खरंच देऊ नका. टीव्हीचा रिमोट चालना म्हून टीव्ही फोडलाय ह्यांनी. पाच मिनटात राग जातो. मग बसतात बाजाराला जाऊन नवा आणायला." थोडं थांबली. "त्या पाच मिनटाचं भ्या हाय मला."
दोघी हसलो टीव्हीवरून. ती आधी थांबली.

१२ डिसेंबर
भाऊजींनी कुणीतरी शोधलाय. स्प्रिंग कापून चाप 'लोण्यासारखा' करून देतो म्हणे.
"वैनी, तुमच्या बोटासाठीच बघितला वो मी."
माझ्या बोटाची एवढी काळजी ह्यांनीही कधी केली नव्हती. म्हटलं, सवय झाली आता. खोटं. रोज संध्याकाळी पोळ्या लाटताना बोट ठणकतं.

२० डिसेंबर
ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. हत्यारं जमा करायची. हवालदारानं पिशवी आधी झटकली.
"धुतलं का काकी?"
"धुतलं."
पोचपावती देताना कपाटात खडू ओढून घेतला, मुंग्यांचा. विश्वास नाही.
भाऊजी उभे राहिलेत. निशाणी शिट्टी. पहाटेपासून वाड्यावस्त्यांवर शिट्ट्या. कुत्री सगळी विरोधात.

९ जानेवारी
प्रचाराला गेले मंगलबरोबर. भाऊजी म्हाताऱ्यांच्या पाया पडतात, पोरांना उचलून घेतात. लोकांना आवडतात ते. मलाही आवडतात, खरं सांगायचं तर. हे दवाखान्यात होते तेव्हा दौंडला रोज डबा घेऊन आले, एक दिवस चुकले नाहीत.
म्हणून तर अवघड.

१८ जानेवारी
पडले. थोडक्यात. दत्ता आला निवडून, बांधाला बांध असलेला, ह्यांच्याबरोबर शाळेत होता तो. मिरवणूक मुद्दाम दारावरून नेली. भाऊजी आत. मंगलचा फोन: ताट फेकलं, पाच मिनिटं झाली, राग गेला नाही.

२१ जानेवारी
पि. सकाळी परत मिळालं. हवालदार खूश, "एक बी मुंगी न्हाई." घरी आले, पिशवी ओसरीच्या खुंटीला अडकवली, पाय धुवायला मागं गेले. आत उचलून ठेवणारच होते. बाहेर येते तर भाऊजी बसलेले. बरोबर खुंटीखाली. दाढी वाढलेली.
"वैनी, ते आलं का वो ठाण्यातनं?"
"न्हाई अजून." तोंडातून निघून गेलं.
"कवा देनार?"
"निकाल नुकताच लागलाय. येळ लागतोय म्हणत होते."
"मी उद्या शिरूरला चाललोच हाय. इचारून येतो." मग खाली बघत, "कशाला न्हाई. जरा हातात धरून बघायचं हाय नुसतं."
मागोमाग मंगल आली. तिनं पिशवी बघितली, मग मला. पदर सारखा करत माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. दत्ताच्या घराकडून अजून फटाके वाजतायत, भाऊजी प्रत्येकाला मान वर करतात. अजून थोडी वर केली की…
म्हटलं, जेवूनच जा; जेवायला आत येतील तेव्हा पिशवी काढीन. आत आले, कणीक मळायचं निमित्त करून हे लिहितेय. मंगल बाहेर त्यांना भोपळ्याच्या वेलाचं सांगतेय, न थांबता.