परदेशी निघालेला कुलपांचा माल थांबवण्याबाबत

प्रति,
मा. परदेश विक्री अधिकारी,
कुलूप कारखाना, दुसरा मजला.

विषय : उद्या सकाळी निघणारा माल थांबवून माझ्या आईची नोकरी वाचवण्याबाबत.
संदर्भ : आपण जिन्यात लावलेला ‘तीन देश, एक कुलूप’ हा तक्ता.

महोदय,

अर्ज करते की, मी किल्ली-टेबलावर कानस मारते. शाळा नववीत सोडली, तेव्हा चूकभूल पोटात घाला. आई त्याच टेबलाची तपासनीस आहे. प्रत्येक खोक्यात तिच्या सहीची चिठ्ठी जाते.

१) परदेशातली ती मोठी कंपनी स्वस्त विकते, म्हणून आपण कुलपातल्या सहा लिव्हरमधले तीन काढले आणि वरून चकाकी चढवली. तीन देशांची गिऱ्हाइकं तीन तऱ्हेची, तरी सगळ्यांच्या गळ्यात एकच कुलूप. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या म्हणे. किल्ली-टेबलाला कुणी विचारलं नाही.

२) लिव्हर कमी झाले की किल्ल्यांचे प्रकारही कमी होतात. आम्ही कुलूप तपासतो ते त्याच्याच किल्लीने. उघडलं की पास. दुसऱ्याच्या किल्लीने उघडत नाही ना, हे बघायची रीतच नाही. सहा लिव्हर होते तोवर गरजही नव्हती. परवा पॅकिंगवाल्या काकांशी पैज लागली म्हणून मी एकच किल्ली अख्ख्या खोक्याला लावून पाहिली. साठातली अकरा उघडली! काका म्हणाले, "अगं पोरी, तिकडच्या चोरांना आपण थोडंच कळवणार आहोत?" माझं टाळकंच सरकलं.

३) आईने सुपरवायझरना सांगितलं. ते म्हणाले, उघडतंय ना, मग करा सही. तिने केली. उद्या तक्रार आली की तक्ता काढणाऱ्याला कुणी धरणार नाही, चिठ्ठीवरच्या सहीला धरतील. बाबांचा हात मशीनमध्ये गेल्यापासून घर तिच्या एकटीच्या जिवावर आहे. दोन दिवस ती ताट पुढे घेऊन नुसती बसते.

४) साहेब, राग मानू नका, पण स्वस्ताईत त्यांना हरवणं आपल्याच्याने होणार नाही. त्यांचा कारखाना आपल्या वीसपट. तिकडचे दुकानदार चार पैसे जास्त मोजून आपलं कुलूप घेत होते ते कशाला? उघडत नव्हतं म्हणून. आपल्याकडे तेवढंच होतं, आणि तेच आपण काढून टाकलं. एकाच देशात विका, थोडी विका, पण सहा लिव्हरची विका.

५) हा अर्ज आपल्या कारकुनाने काल ‘सुपरवायझरमार्फत आणा’ म्हणून परत केला, आज तर हातातही घेतला नाही. म्हणून नाइलाजाने तो आपल्या कपाटात ठेवत आहे. कपाटाला आपण नव्या मालातलंच कुलूप लावलंय. चौथ्या किल्लीला उघडलं. आतल्या कशालाही हात लावलेला नाही, आणि जाताना परत कुलूप लावून जाते, त्याचा उपयोग असो वा नसो.

मला कामावरून काढलंत तरी चालेल. पण गाडी सुटायच्या आत आईच्या सह्या तिला परत द्या.

आपली नम्र,
तपासनीस बाईंची थोरली, किल्ली-टेबल
बुधवार, जेवणाची सुट्टी

सोबत : ती चौथी किल्ली. आपल्या हाताने लावून पाहावी.